बर्ड्सव्हिल ते ॲलिस स्प्रिंग्ज : अंतर किती, विमानाला वेळ किती?

ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर बर्ड्सव्हिल शोधायचं तर क्वीन्सलँड राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे बघावं लागतं. गाव जेमतेम शंभर-सव्वाशे वस्तीचं. २०२१ च्या जनगणनेत इथे ११० माणसं मोजली गेली. तिथून थेट उत्तरेला माउंट आयझा हे खाणींचं शहर आहे, सरळ रेषेत सुमारे ५७५ किलोमीटरवर. आणि वायव्येला, सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटरवर, ॲलिस स्प्रिंग्ज आहे. दोन्ही अंतरांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. पण माउंट आयझाला बर्ड्सव्हिलहून तिकीट काढून विमानाने अडीच तासांत जाता येतं. ॲलिस स्प्रिंग्जला तसंच तिकिटाच्या विमानाने जायचं म्हटलं, तर आधी उलट दिशेला, पूर्व किनाऱ्यावरच्या ब्रिस्बेनला जाऊन तिथून अर्धा खंड ओलांडून परत पश्चिमेला यावं लागतं.

दोन गावांची नावं टाकली की अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारी साधनं इंटरनेटवर पुष्कळ आहेत. त्यांतली बरीचशी एकच हिशोब करतात. सरळ रेषेतलं अंतर काढायचं, त्याला मोठ्या जेट विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासच्या आकड्याने भागायचं, आणि आलेलं उत्तर दाखवायचं. बर्ड्सव्हिल ते ॲलिस स्प्रिंग्ज? ४५ मिनिटं. भागाकार बिनचूक आहे, पण त्या मार्गावर प्रवासी जेट उडत नाही, आणि उडणारी छोटी विमानं त्या वेगाच्या जवळपासही जात नाहीत. आउटबॅकमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या अंतर्भागात, दोन गावं एकमेकांपासून किती लांब आहेत हे किलोमीटरवर कमी आणि त्यांच्यातली वाट कोणी राखली आहे यावर जास्त ठरतं, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे या एका जोडीवरून उलगडून बघू.

सरळ रेषेतलं अंतर कसं काढतात

पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे गोलावर त्या दोन बिंदूंमध्ये ताणून धरलेल्या दोरीची लांबी. मुंबई ते सिडनी अशा लांबच्या अंतरांना या गोलाईचा हिशोब नीट करावा लागतो. पाच-सहाशे किलोमीटरसाठी मात्र शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय पुरतं. फरक पडला तरी एखाद्या किलोमीटरचा.

बर्ड्सव्हिल साधारण २५.९ अंश दक्षिण अक्षांशावर आणि १३९.३५ अंश पूर्व रेखांशावर आहे. ॲलिस स्प्रिंग्ज २३.७ दक्षिण, १३३.८८ पूर्व. अक्षांशांतला फरक २.२ अंश. अक्षांशाचा एक अंश जगात कुठेही जवळपास १११ किलोमीटरचा असतो, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर झालं २४४ किलोमीटर. रेखांशाचं तसं नाही. रेखांश ध्रुवांकडे जाताना एकमेकांजवळ सरकतात, त्यामुळे विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असलेला अंश दक्षिणेला आणि उत्तरेला आखडत जातो. या दोन गावांच्या मधल्या अक्षांशावर तो सुमारे १०१ किलोमीटरचा भरतो. रेखांशांतला फरक ५.४७ अंश, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर ५५२ किलोमीटर. आता दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर येतं ६०३. शहर कुठून मोजायचं, विमानतळ की टपाल कार्यालय, यावर दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे होतात. तेव्हा सुमारे ६०० म्हणणंच प्रामाणिकपणाचं.

आज हे काम फोन क्षणात करतो. या वाळवंटात ते साखळीने करावं लागत होतं तेव्हा काय होत असे, याची एक फार बोलकी गोष्ट आहे. क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा जिथे मिळतात तो बिंदू बर्ड्सव्हिलच्या पश्चिमेला, वाळवंटात आहे. १८८० मध्ये ऑगस्टस पोपेल नावाच्या भूमापकाने पूर्वेकडून मोजत मोजत येऊन तिथे खांब रोवला. पुढे लक्षात आलं की त्याची मोजणीची साखळी सुमारे एक इंच लांब होती. एक साखळी ६६ फुटांची. प्रत्येक साखळीमागे एक इंच म्हणजे नगण्यच वाटतं. पण तीन अंश रेखांश, म्हणजे जवळजवळ ३०० किलोमीटर मोजत आल्यावर ती चूक साचत साचत शेकडो मीटरची झाली. लॉरेन्स वेल्स या दुसऱ्या भूमापकाने नंतर तो खांब सुमारे ३०० मीटर पूर्वेला हलवला. उन्हातान्हात साखळी ओढत, उंटांवर पाणी वाहून नेत, शेकडो किलोमीटरच्या वाटेत इतकीच चूक! मला तर त्या मोजणीचं कौतुकच वाटतं.

रस्ता एवढा वळसा का घेतो

दाट रस्त्यांच्या मुलखात सरळ अंतराच्या सव्वापट रस्ता धरला तर अंदाज फारसा चुकत नाही. बर्ड्सव्हिलहून माउंट आयझाला हा ठोकताळा लागू पडतो. बेडुरी आणि बूलिया या दोन छोट्या गावांवरून जाणारा रस्ता सुमारे ६९० किलोमीटरचा आहे. सरळ अंतराच्या १.२ पट. ॲलिस स्प्रिंग्जकडे मात्र तो साफ कोलमडतो, कारण मध्ये सिम्पसन वाळवंट आहे.

या वाळवंटात वाळूच्या टेकड्या अस्ताव्यस्त पसरलेल्या नाहीत. वाऱ्याने त्या आग्नेयेकडून वायव्येकडे अशा समांतर रांगांत रचल्या आहेत. काही रांगा सलग शेकडो किलोमीटर जातात आणि अशा अकराशेच्या आसपास रांगा आहेत. दोन रांगांच्या मधल्या सखल पट्ट्यातून गाडी नेणं तुलनेने सोपं. पण बर्ड्सव्हिलहून ॲलिस स्प्रिंग्जला जायचं म्हणजे रांगा आडव्या ओलांडायच्या, एकेक करून, दिवसचे दिवस. त्यातही एक अडचण अशी की टेकड्यांची पूर्वेकडची बाजू जास्त उभी असते. म्हणून बहुतेक जण पश्चिमेकडून पूर्वेकडे येतात. बर्ड्सव्हिलहून निघणाऱ्याच्या वाट्याला चढाची बाजू येते. गावापासून सुमारे ३५ किलोमीटरवर ‘बिग रेड’ नावाची टेकडी आहे, साधारण ४० मीटर उंच. वाळवंटाची खरी सुरुवात तिथून होते.

इथे गाडी चालवण्याची रीत जरा जवळून बघण्यासारखी आहे. चारही चाकांना जोर मिळणारी गाडीच चालते. टायरमधली हवा बरीच कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. गाडीच्या पुढच्या बाजूला उंच काठी बांधून तिच्या टोकाला भडक रंगाचं निशाण लावतात, आणि ते सक्तीचं आहे. टेकडीच्या माथ्याशी पोचेपर्यंत पलीकडचं काहीच दिसत नाही. समोरून गाडी येत असेल तर आधी दिसतं ते तिचं निशाण. रेडिओवर ठरलेल्या वाहिनीवर ‘अमुक टेकडीवर आहोत, पूर्वेकडे निघालोय’ असं सांगत राहायचं. वाटेत पेट्रोल पंप नाही. वाळवंटाच्या पश्चिम कडेच्या माउंट डेअरपासून बर्ड्सव्हिलपर्यंतच्या पाचशेहून जास्त किलोमीटरचं इंधन बरोबर न्यावं लागतं, आणि वाळूत गाडी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इंधन पिते. उन्हाळ्यात, १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत, वाळवंटाचं संरक्षित उद्यान बंदच ठेवतात. बर्ड्सव्हिलच्या पोलीस ठाण्यात २४ डिसेंबर १९७२ रोजी ४९.५ अंश तापमानाची नोंद झाली होती. क्वीन्सलँडचा तो विक्रम आहे. बंदी का, ते वेगळं सांगायला नको.

वाळवंट टाळायचं तर दोन वाटा उरतात. उत्तरेची वाट बेडुरी, बूलिया करत डॉनह्यू आणि पुढे प्लेंटी हायवेने ॲलिस स्प्रिंग्जला जाते. सुमारे १,२०० किलोमीटर, म्हणजे सरळ अंतराच्या दुप्पट. नावात हायवे असलं तरी बराचसा भाग मातीचा आणि खडीचा आहे. दोन दिवस धरून चालावं. दक्षिणेची वाट आणखी लांब. आधी ५१७ किलोमीटरचा बर्ड्सव्हिल ट्रॅक धरून मरीला उतरायचं. तिथून पश्चिमेला विल्यम क्रीक, पुढे ओपल खड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं कूबर पीडी, आणि मग डांबरी स्टुअर्ट हायवेने उत्तरेला ॲलिस स्प्रिंग्ज. सगळं मिळून पंधराशे-सोळाशे किलोमीटर. सहाशेच्या जागी सोळाशे म्हणजे खरोखर द्राविडी प्राणायाम.

आणि या वाटा कायम उघड्या असतात असंही नाही. बर्ड्सव्हिल डायमंटिना नदीच्या काठावर आहे. ही नदी एका पात्रातून वाहत नाही, असंख्य उथळ प्रवाहांत पसरते. पाऊस पडतो शेकडो किलोमीटर उत्तरेला, आणि पाणी इथे पोचतं कित्येक दिवसांनी. डोक्यावर निरभ्र आकाश आणि रस्ता पाण्याखाली, हे इथलं नेहमीचं चित्र. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये पश्चिम क्वीन्सलँडमध्ये प्रचंड पूर आले तेव्हा कितीतरी वस्त्यांचा रस्ता तुटला होता. अशा वेळी ‘रस्त्याने किती तास?’ याचं उत्तर तासांत देताच येत नाही.

वाट चुकण्याची किंमतही इथे मोठी असते. १९६३ च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिल ट्रॅकवर एका कुटुंबाची गाडी वाट चुकली आणि पाचही जण पाण्यावाचून दगावले. आजही या रस्त्यांना लागण्याआधी कुणाला तरी कळवून निघायचं, भरपूर पाणी घ्यायचं आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत सुटायचं नाही, हे पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. आकाशातून शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

हे वाळवंट निर्जन म्हणून ओळखलं जातं, पण वांगकांगुरु लोक त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. वाळूत खोल खणलेल्या त्यांच्या विहिरी होत्या आणि कुठली विहीर कुठे आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. अंतर त्यांनी एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत मोजलं. युरोपीय माणसाने हे वाळवंट ओलांडलं ते थेट १९३६ मध्ये. टेड कोल्सन आणि त्याच्यासोबतचा आदिवासी वाटसोबती पीटर एन्स यांनी उंट घेऊन पश्चिमेकडून बर्ड्सव्हिल गाठलं. त्यांना पंधरवड्याच्या आसपास वेळ लागला.

उंटांचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचा एक धागा सांगायला हवा. १८६० मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी २४ उंट जहाजाने मेलबर्नला गेले ते कराचीहून. तेव्हा सिंध प्रांत, आणि अर्थात कराचीही, मुंबई इलाख्यात होती. पुढच्या दशकांत अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब या भागांतून आलेल्या उंटवाल्यांनी आउटबॅकची मालवाहतूक अंगावर घेतली. पीठ, तारेचे भेंडोळे, लोकरीचे गठ्ठे, सगळं त्यांच्या उंटांवरून गेलं. बर्ड्सव्हिल ट्रॅकच्या दक्षिण टोकाचं मरी हे त्यांचं मोठं ठाणं होतं.

विमानाच्या वेळेचा खरा हिशोब

आता विमान. पहिला प्रश्न : कुठलं? माउंट आयझाच्या वाटेवर उडतं ते साब ३४०, स्वीडिश बनावटीचं, दोन पंख्यांचं, ३४ आसनांचं. उंचीवर स्थिरावल्यावर त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. ५७५ भागिले ५००, म्हणजे एक तास नऊ मिनिटं. पण विमान त्या वेगाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधीच जात नाही. धावपट्टीच्या टोकापर्यंत सावकाश जायचं, उडून वर चढायचं, आणि चढताना वेग कमीच असतो. मग काही काळ पूर्ण वेग, आणि शेवटी उतरताना पुन्हा वेग कमी, वळण, धावपट्टी. या चढ-उताराचे साधारण दहा-पंधरा मिनिटं प्रत्येक उड्डाणामागे जास्तीचे धरावे लागतात. मोठ्या अंतरात ते जाणवत नाहीत. छोट्या अंतरात तेच सगळं गणित बिघडवतात.

आणि हे विमान थेट जात नाही. बर्ड्सव्हिलहून बेडुरी सरळ रेषेत सुमारे १७० किलोमीटर. पूर्ण वेगाने हे वीस मिनिटांचं काम, पण चढ-उतार धरून पस्तीस मिनिटं. बेडुरी ते बूलिया जवळपास तेवढंच, आणखी पस्तीस. बूलिया ते माउंट आयझा सुमारे २४५ किलोमीटर, पाऊण तास. प्रत्येक थांब्यावर प्रवासी, सामान, टपाल चढवा-उतरवायला वीस मिनिटं धरली तर एकूण साधारण अडीच तास होतात. म्हणजे ५७५ किलोमीटरला सरासरी वेग पडला ताशी २३० किलोमीटर. जेटच्या हिशोबाने याच अंतराला पाऊण तास सांगितला जातो. तीनपटींहून जास्त फरक, आणि कुणी आळस केलेला नाही.

ॲलिस स्प्रिंग्जकडे जायला असं ठरलेलं विमान नाही, म्हणून छोटं विमान भाड्याने घ्यावं लागेल. सेस्ना २१० सारखं एक इंजिनाचं विमान ताशी २८० किलोमीटरने गेलं तर ६०० किलोमीटरला दोन तास नऊ मिनिटं, चढ-उतार धरून सव्वादोन तासांच्या वर. पिलॅटस पीसी-१२ सारखं एक इंजिनाचंच पण टर्बाइनवर चालणारं विमान घेतलं तर दीड तासाच्या आत. खर्चाचा आकडा अर्थातच त्या प्रमाणात चढतो.

वारा जमेस धरला की हिशोबात एक मजेदार गोष्ट दिसते. समजा ताशी ५० किलोमीटरचा वारा आहे. जाताना तो समोरून लागला, तर जमिनीच्या हिशोबाने सेस्नाचा वेग २३० होतो आणि ६०० किलोमीटरला दोन तास ३७ मिनिटं लागतात. येताना तोच वारा पाठीमागून मिळाला, वेग ३३०, वेळ एक तास ४९ मिनिटं. जाऊन-येऊन चार तास २६ मिनिटं. वारा नसता तर चार तास १७ मिनिटं लागली असती. जाताना तोटा, येताना तेवढाच फायदा, असं होत नाही. कारण साधं आहे. समोरचा वारा विमानाला जास्त वेळ छळतो आणि पाठीमागचा कमी वेळ साथ देतो. वैमानिक म्हणूनच परतीचं इंधन ‘वारा फिटंफाट होईल’ या भरवशावर मोजत नाहीत.

उष्णतेचा परिणाम त्याहून मोठा. तापलेली हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, पुढचा पंखा हवेला नीट पकडू शकत नाही. बर्ड्सव्हिलचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ५० मीटर उंचीवर आहे. पण तापमान ४५ अंशांवर गेलं की विमानाला तिथली हवा हजार-अकराशे मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ लागते. मग धावपट्टीवर जास्त धावावं लागतं, नाहीतर वजन कमी करावं लागतं. वजन कमी म्हणजे माणूस कमी, सामान कमी किंवा इंधन कमी. इंधन कमी करायची सोय या प्रदेशात नाही, कारण पोचायच्या ठिकाणी उतरता आलं नाही तर दुसरीकडे जाण्याइतकं हातचं इंधन लागतंच, आणि ते ‘दुसरीकडे’ दीड-दोनशे किलोमीटरवर असू शकतं. दुपारी जमिनीवरून उठणाऱ्या गरम झोतांनी छोटं विमान हलतं तेही जोरात. शक्य असेल तिथे म्हणून पहाटेच निघतात.

ऑस्ट्रेलियाच्या हवाई नियमांत काही प्रदेश दुर्गम म्हणून आखून दिलेले आहेत. अशा भागावरून जाताना संकटात खूण पाठवणारं यंत्र किंवा योग्य रेडिओ, आणि उतरावं लागलं तर तग धरता येईल असं सामान बरोबर लागतं. वाटेतलं पाणी हा इथे विमानाच्याही वजनाचा भाग आहे.

वाट कोण राखतं

क्वीन्सलँडचे जुने रेल्वेमार्ग किनाऱ्यावरून आत आलेले आहेत. लोकर, गुरं आणि खनिजं बंदरावर न्यायची हा त्यांचा हेतू. त्यामुळे चार्लव्हिल, लाँगरीच आणि क्लॉनकरी ही तीन गावं तीन वेगवेगळ्या मार्गांवर होती, आणि एका गावाहून दुसऱ्याला रेल्वेने जायचं तर आधी किनारा गाठावा लागे. या तीन गावांना आतल्या आत जोडण्याची कल्पना क्वांटास कंपनीने उचलली. १९२० मध्ये विंटनला नोंदलेली ही कंपनी. तिचं पहिलं नियमित उड्डाण २ नोव्हेंबर १९२२ रोजी चार्लव्हिलहून निघालं, रात्री लाँगरीचला थांबलं आणि दुसऱ्या दिवशी क्लॉनकरीला पोचलं. पहिले प्रवासी होते ८४ वर्षांचे अलेक्झांडर केनेडी. सुमारे ९३० किलोमीटरचा तो मार्ग सरकारच्या टपाल-अनुदानावर उभा राहिला होता. प्रवाशांच्या तिकिटांवर तो चालला नसता.

शंभर वर्षांनंतरही गणित बदललेलं नाही. ब्रिस्बेनहून टूवूम्बा, चार्लव्हिल, क्विल्पी, विंडोरा, बर्ड्सव्हिल, बेडुरी, बूलिया करत माउंट आयझाला जाणारा मार्ग क्वीन्सलँड सरकार पैसे घालून चालवून घेतं. २०१५ पासून तो रेक्स या कंपनीकडे आला, आठवड्यातून दोन खेपा. २०२४ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन प्रशासकांच्या ताब्यात गेली. मोठ्या शहरांमधली तिची बोइंग ७३७ विमानं थांबली, पण छोट्या गावांना जाणारी साब विमानं सरकारी पाठबळावर उडत राहिली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जिथे प्रवासी भरपूर तिथली सेवा बुडाली, आणि जिथे बेडुरीसारख्या गावात एखाद-दुसरा माणूस चढतो तिथली टिकली, कारण ती टिकवायची असं कुणीतरी ठरवलं होतं.

आपल्याकडे उडान योजनेत हेच तत्त्व आहे. तिकिटातून न निघणारा खर्च सरकारने भरून द्यायचा. एप्रिल २०१७ मध्ये या योजनेतली पहिली उड्डाणं सुरू झाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होतं. असे मार्ग किती काळ टिकतात हे पैसा किती वर्षं आणि किती सातत्याने येतो त्यावर ठरतं.

मग ॲलिस स्प्रिंग्जचा मार्ग कुणी का राखला नाही? माझ्या मते उत्तर सीमेत आहे. बर्ड्सव्हिल आणि माउंट आयझा एकाच राज्यात. रुग्णालय, कचेऱ्या, शाळा, सगळे व्यवहार त्याच राज्याच्या शहरांशी. ॲलिस स्प्रिंग्ज नॉर्दर्न टेरिटरीत. वाळवंटाच्या दोन्ही बाजूंना गावं आहेत, पण दोन्ही गावांबद्दल एकाच वेळी जबाबदार असं राज्य सरकार नाही. म्हणून ब्रिस्बेनमार्गे जावं लागतं : बर्ड्सव्हिल ते ब्रिस्बेन सरळ रेषेत सुमारे १,३७० किलोमीटर, तेही मध्ये चार थांबे घेत, आणि ब्रिस्बेन ते ॲलिस स्प्रिंग्ज सुमारे १,९६५. बेरीज तेहतीसशेच्या वर, म्हणजे सरळ अंतराच्या साडेपाचपट. आठवड्यातल्या दोनच खेपा बघता, चुकीच्या वारी निघालात तर मुक्कामाचे दिवस वेगळे.

जिवावर बेतलं तर मात्र कुणी वेळापत्रक बघत नाही. जॉन फ्लिन या पाद्र्याने चालवलेल्या मोहिमेतून उभ्या राहिलेल्या उडत्या डॉक्टरांच्या सेवेचं पहिलं विमान १७ मे १९२८ रोजी क्लॉनकरीहून ज्युलिया क्रीकला गेलं. अंतर सुमारे १३० किलोमीटर, विमान क्वांटासकडून भाड्याने घेतलेलं. विमान असून भागत नव्हतं, कारण आजारी माणसाने डॉक्टरला बोलवायचं कसं? ते कोडं आल्फ्रेड ट्रेगर याने सोडवलं. सायकलसारखे पायडल मारून वीज तयार करणारा रेडिओ त्याने बनवला आणि १९२९ पासून तो दूरच्या वस्त्यांवर बसू लागला. आज रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसची पीसी-१२ आणि किंग एअर जातीची विमानं ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने, वाटेत न थांबता जातात. साबला थांबे घेत अडीच तास लागणारं बर्ड्सव्हिल ते माउंट आयझा अंतर असं विमान सव्वा ते दीड तासात कापतं.

घड्याळ

एक हिशोब राहिला. क्वीन्सलँड भारताच्या साडेचार तास पुढे आहे आणि नॉर्दर्न टेरिटरी बरोबर चार तास. म्हणजे बर्ड्सव्हिलहून सकाळी ७ ला निघालेलं सेस्ना सव्वादोन तासांनी ॲलिस स्प्रिंग्जला उतरलं, तर बर्ड्सव्हिलच्या घड्याळात सव्वानऊ झालेले असतील आणि विमानतळाच्या घड्याळात पावणेनऊ. परतताना हाच अर्धा तास द्यावा लागतो. माउंट आयझाला जाताना फरक नाही, कारण राज्य तेच.

या दोन्ही प्रदेशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. साउथ ऑस्ट्रेलियात करतात. हिवाळ्यात ते नॉर्दर्न टेरिटरीबरोबर भारताच्या चार तास पुढे असतं, उन्हाळ्यात पाच तास. त्याची सीमा बर्ड्सव्हिलपासून दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर आहे. म्हणून जुलैत मरीच्या वाटेला लागलात तर सीमेवर घड्याळ अर्धा तास मागे घ्यायचं, आणि जानेवारीत त्याच सीमेवर अर्धा तास पुढे. मरीला मुक्कामाची खोली किंवा पेट्रोल पंपाची वेळ फोनवर विचारताना ती कुठल्या घड्याळाने सांगितली आहे, हे विचारून घ्यावं.